६५-७ च्या मागे काय होतं

९ जानेवारी २०२३ च्या रात्री लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियममध्ये अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना मध्यंतरालाच निकालात निघाला होता. जॉर्जिया ३८, टीसीयू ७. शेवटी फलकावर ६५-७. (हा फुटबॉल हेल्मेट घालून, चेंडू बगलेत मारून पळायचा, आपला लाथेचा नव्हे.) मोसमाअखेरच्या 'बोल' सामन्यांच्या तोवरच्या इतिहासात एवढ्या फरकानं कोणीच हरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी यथेच्छ टिंगल झाली आणि 'यांना इथवर येऊ दिलं कोणी?' असंही विचारून झालं.

टीसीयू, म्हणजे फोर्ट वर्थचं टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ, हा प्रश्न फार वर्षं ऐकत आलं आहे.

तीसच्या दशकात हा संघ देशातल्या अव्वल संघांपैकी होता. १९३८ चं राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांचंच. मग उतरती कळा लागली. १९७६ मध्ये अकरा सामने खेळले, अकराही हरले. १९८५ मध्ये प्रशिक्षक जिम वॅकर यांनी चोरून पैसे घेणाऱ्या आपल्याच खेळाडूंना संघाबाहेर काढलं, तरी शिक्षा संघालाही झालीच. खरा घाव १९९६ चा. टेक्ससमधल्या विद्यापीठांची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स (आपसात साखळी खेळणाऱ्या संघांचा गट) मोडली; टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टेक्सस टेक आणि बेलर यांना नव्या 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये जागा मिळाली. टीसीयूला नाही. टीव्हीचा पैसा आणि मान कॉन्फरन्सच्या नावावर मिळतो, त्यामुळे हे पंगतीतून उठवण्यासारखंच होतं. पुढची सोळा वर्षं तीन दुय्यम कॉन्फरन्समध्ये गेली.

त्याच काळात प्रशिक्षक गॅरी पॅटरसन यांनी संघ उभा केला. २०१० च्या मोसमात तेराच्या तेरा सामने जिंकले, रोझ बोलमध्ये विस्कॉन्सिनला २१-१९ असं हरवलं, तरी अजिंक्यपदाचा सामना खेळले ऑबर्न आणि ऑरेगन. दुय्यम कॉन्फरन्सवाल्यांना तिथं पान मांडलेलंच नसे. २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्हचं दार उघडलं. २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर असताना त्यांनी शेवटचा सामना ५५-३ असा जिंकला आणि निवड समितीनं त्यांना सहाव्यावर ढकललं. अजिंक्यपद ठरवणाऱ्या प्लेऑफला तेव्हा जागा चारच. हा निर्णय मला आजही पटत नाही.

२०२१ च्या मोसमात पाच विजय, सात पराभव. पॅटरसन पद सोडून गेले, त्यांच्या जागी सनी डाइक्स आले. २०२२ च्या सुरुवातीला बिग ट्वेल्व्हच्या दहा संघांत टीसीयू सातवा येईल असं भाकीत होतं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, मॅक्स डगनची तर जागाच गेली होती. पहिल्याच सामन्यात त्याच्या जागी आलेल्याला दुखापत झाली म्हणून तो परतला आणि पुढे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइजमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला.

त्या मोसमातला एकच क्षण निवडायचा तर बेलरविरुद्धचा. २६-२८ अशी पिछाडी, टाइमआउट संपलेले, घड्याळ पळतंय. अशा वेळी किक मारणारा ताफा धापा टाकत मैदानात शिरतो, जेमतेम रांग लावतो आणि ग्रिफिन केल ४० यार्डांवरून चेंडू खांबांमधून पार करतो. वेळ संपली, २९-२८. साखळीत बाराच्या बारा विजय. मग कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून जादा वेळेत हार, तरीही या खेपेला समितीनं तिसरा क्रमांक कायम ठेवला. उपांत्य सामन्यात मिशिगनवर ५१-४५ अशी मात. बिग ट्वेल्व्हच्या ओक्लाहोमाला चार प्रयत्नांत जे जमलं नव्हतं, ते यांनी पहिल्याच फटक्यात केलं.

समोर मात्र जॉर्जिया होता. गतविजेता, त्या मोसमात अपराजित, वर्षानुवर्षं देशभरातली निवडक पोरं वेचून भरती केलेला. त्यांचा क्वार्टरबॅक स्टेट्सन बेनेट यानं चार टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं) पास देऊन करवले, दोन स्वतः पळून केले. चेंडू पुढे नेण्यात जॉर्जियाचे ५८९ यार्ड, टीसीयूचे १८८. नशिबाला बोल लावावा असा हा सामना नव्हताच. धुलाई ती धुलाई.

पुढच्या मोसमात टीसीयू पहिलाच सामना घरच्या मैदानावर कोलोरॅडोकडून ४५-४२ असा हरला आणि पुन्हा ५-७ वर येऊन थांबला. एप्रिल २०२३ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, मात्र डगन, क्वेंटिन जॉन्स्टन आणि डेरियस डेव्हिस या तिघांना चार्जर्सनं घेतलं, तर स्टीव्ह अविलाला रॅम्सनं. दोन्ही संघांचं घरचं मैदान एकच, सोफाय स्टेडियम.