निलगिरी, लवंग आणि गंधपुरा तेल: बाटली उघडण्याआधी एवढं वाचा

"नैसर्गिकच आहे ना, मग थोडं जास्त लागलं तर काय बिघडलं?" दुकानात हा प्रश्न रोज येतो. बिघडतं. निलगिरीची किलोभर पानं उकळली की साधारण १०-२० मिली तेल हाती लागतं. एवढा अर्क बाटलीत दाटलेला असतो, म्हणून तो थेंबानेच मोजायचा.

अंगाला लावायचं असेल तर चमचाभर (५ मिली) खोबरेल किंवा तीळतेलात २ थेंब पुरेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावा, २४ तास थांबा. खाज सुटली किंवा लाली आली तर ते तेल तुमच्यासाठी नाही.

सर्दीत निलगिरीचे १-२ थेंब रुमालावर टाकून हुंगा. नाक मोकळं वाटेल, पण सर्दी तिच्या वेळेनेच जाईल. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला, छातीला, झबल्याला निलगिरी, पुदिना, कापूर काहीही लावू नका. श्वास अडकू शकतो. लहान मुलांना वाफाराही नको, पातेलं कलंडलं की मूल भाजतं.

दात ठणकत असेल तर पातळ केलेलं लवंग तेल कापसाच्या बोळ्याने फक्त त्या दाताला टेकवा. नुसतं तेल हिरडीला लागलं तर भाजतं. ठणका थांबला तरी कीड आत असतेच, तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे जाणं टाळू नका.

गंधपुरा तेलाबद्दल मात्र आम्ही प्रत्येकाला थांबवून सांगतो. गुडघे-कंबरदुखीवर घरोघरी चोळतात ते हेच. ते जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं. एक चमचा पोटात गेला तर वीसहून जास्त अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या एकदम घेतल्यासारखं होतं. लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढं पुरतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, अ‍ॅस्पिरिन सोसत नसेल किंवा दिवस गेले असतील, तर हे तेल लावू नका. आजी-आजोबांच्या गोळ्यांची पट्टी सोबत आणलीत तर आम्हीही पाहू, पण शेवटचा शब्द डॉक्टरांचाच. चोळल्यावर वरून गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. तेल जास्त मुरतं आणि कातडी पोळते.

घेताना पांढऱ्या कागदावर निलगिरीचा थेंब टाकून पाहा. काही वेळाने उडून गेला पाहिजे. तेलकट डाग राहिला तर दुसरं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता आहे.

यातलं कुठलंच तेल पोटात घ्यायचं नाही. बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी तर अजिबात ठेवू नका, घाईत हात चुकतो. चुकून गिळलंच तर उलटी काढायला लावू नका, तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. लगेच १०८ ला फोन करा. डोळ्यात गेलं तर साध्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. जाताना बाटली बरोबर न्या: कोणतं तेल आणि किती गेलं, हेच ते आधी विचारतील.