पादपीठ (जुने व व्हिंटेज)

खुर्चीत बसलेल्या माणसाला पाय टेकवता यावेत म्हणून केलेले बुटके स्टूल म्हणजे पादपीठ. रोजच्या बोलण्यात त्याला पायस्टूल म्हणतात. शंभर वर्षांहून जुने असेल तर ते अँटीक, आणि त्याहून अलीकडचे पण आता तसे बनत नसलेले ते व्हिंटेज, असा बाजारातला सर्वसाधारण रिवाज आहे. शंभर वर्षांच्या अटीला कायद्याचाही आधार आहे. अमेरिकेच्या १९३० च्या सीमाशुल्क कायद्यात अँटीक ठरण्यासाठी वस्तू १८३० पूर्वीची असावी लागे. १९६६ मध्ये ही अट शंभर वर्षांवर आणली गेली.

पादपीठाचे सारे गणित उंचीचे आहे. खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंमी उंच असते. पाय जमिनीला नीट टेकले नाहीत तर बैठकीची कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतते आणि पायांना मुंग्या येतात. पंधरा ते पंचवीस सेंमी उंचीचे पादपीठ गुडघे जरा वर उचलते आणि हा दाब जातो. पाय लांब पसरून बसायचे असेल तर मात्र ते जवळजवळ बैठकीइतके उंच लागते. जुने पादपीठ घेताना लोक लाकूड आणि कापड पाहतात, उंची मोजत नाहीत, आणि मग ती सुंदर वस्तू कोपऱ्यात पडून राहते. आपल्या खुर्चीच्या बैठकीची उंची मोजूनच ते निवडावे.

पूर्वी पादपीठ मानाचे होते. सिंहासन उंच असायचे, त्यामुळे पायांखाली काहीतरी लागायचेच. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याच्या १९२२ मध्ये सापडलेल्या थडग्यातल्या पादपीठांवर हात बांधलेले परकी शत्रू कोरले आहेत; राजा बसला की शत्रू आपोआप पायाखाली. ग्रीसमधील पायलॉस येथील राजवाड्याच्या मातीच्या पाट्यांवर फर्निचरची यादी आहे. इ. स. पू. १२०० च्या सुमाराच्या त्या यादीत पादपीठांसाठी ‘तारानु’ हा शब्द येतो आणि एका पादपीठावर हस्तिदंतात माणूस, घोडा, ऑक्टोपस आणि ताडाचे झाड जडवल्याची नोंद आहे. हिशेब ठेवणाऱ्याने पाय ठेवायच्या वस्तूवरचे चित्र इतक्या बारकाईने लिहून ठेवावे, यावरून तिची किंमत कळते. ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात भिकाऱ्याच्या वेषातल्या ओडिसियस या नायकाला एक उन्मत्त पाहुणा पादपीठ फेकून मारतो. म्हणजे ते एका हाताने उचलता येईल इतके हलके आणि लागले तर दुखेल इतके भक्कम होते.

थंड प्रदेशांत पादपीठाला ऊब देण्याचेही काम मिळाले. दगडी फरशी गार आणि दाराखालून येणारा वारा जमिनीलगत वाहणारा, त्यामुळे पाय जमिनीपासून चार बोटे वर उचलले तरी फरक पडे. डच घरांत भोके पाडलेली लाकडी पेटी असे. तिच्यात निखाऱ्यांचे मातीचे भांडे ठेवून वर पाय ठेवत. डच चित्रकार व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या दासीच्या चित्रात तिच्यामागे जमिनीवर अशीच पेटी दिसते. अठराव्या शतकात गाऊटने (सांधे सुजवणाऱ्या आजाराने) सुजलेला पाय ठेवण्यासाठी खास पादपीठे आली. इंग्रज फर्निचर कारागीर हेपलव्हाइटच्या १७८८ च्या नमुनापुस्तकात तसे एक आहे.

घरगुती सजावटीची वस्तू म्हणून पादपीठ खऱ्या अर्थाने बहरले ते एकोणिसाव्या शतकात. बर्लिनमध्ये छापलेले, चौकटींच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने युरोपभर विकले जात. त्यांवरून स्त्रिया जाळीदार कापडावर लोकरीने फुले, पक्षी, कुत्री भरत आणि तो तुकडा सुताराकडे सांगाड्यावर चढवायला देत. म्हणून एकाच पादपीठावर दोघांच्या हातचे काम असते, आणि कापड व लाकूड एकाच वर्षाचे नसले तर ती फसवणूकच असे समजू नये. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला कृत्रिम रंग तयार केला. त्यानंतर या भरतकामात भडक जांभळे आणि किरमिजी रंग शिरले, त्यामुळे ते दिसले तर तुकड्याचा काळ बराचसा ठरतो.

ऑटोमन हे यातलेच मोठे, सर्व बाजूंनी गादी असलेले भावंड. विसाव्या शतकात लाकूडकाम साधे आणि चामडे पुढे आले. ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याची १९५६ ची लाउंज चेअर तिच्या ऑटोमनसह एकच वस्तू म्हणून घडवलेली आहे. जुन्या पादपीठांची कथा सहसा उलटी असते: जोडीची खुर्ची मोडते, हरवते आणि लहानगे स्टूल मागे उरते.

खरे वय पाहायचे तर पादपीठ उलटे करावे. वरचे कापड दोन-तीनदा बदललेले असू शकते, पण खालचे लाकूड सहसा कोणी सजवत नाही. लाकडावर करवतीच्या गोल खुणा असतील तर यंत्राची करवत वापरली आहे. सरळ, कमीजास्त अंतराचे ओरखडे सहसा हाताच्या करवतीचे. कातीव (फिरवून गोल घडवलेले) पाय जुने असतील तर पूर्ण गोल राहत नाहीत, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त आकसते. कडेला जुन्या चुकांच्या (बारीक खिळ्यांच्या) भोकांची दाटी असणे हे चांगले लक्षण आहे. एकाच ओळीत स्टेपलरच्या पिना असतील तर निदान ते कापड तरी अलीकडचे आहे. बारीक गोल छिद्रे आणि त्याखाली ताजी पिवळसर भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे, आणि असे पादपीठ इतर लाकडी सामानापासून लगेच दूर ठेवावे.

हत्तीच्या पायापासून बनवलेली व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातली) पादपीठेही बाजारात येतात. हत्तीच्या अवयवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे ती परवान्याविना देशाबाहेर नेणे गुन्हा ठरू शकते. माझ्या मते ती संग्रहालयात, पुराव्यादाखलच असावीत.

बाकीची पादपीठे मात्र जरूर वापरावीत. घोड्याचे केस भरलेली गादी पायांच्या ओझ्याने खराब होत नाही. तिचे नुकसान ओल, थेट ऊन आणि कसर यांमुळे होते. भरतकाम विरू लागले असेल तर ते काढून काचेत मढवावे आणि सांगाड्यावर साधे लोकरी कापड चढवावे. नवे कापड चढवताना जुन्याचा एक तुकडा पाकिटात घालून खालच्या बाजूला लावून ठेवला, तर पुढच्या माणसाला मूळ रंग कोणता होता ते कळते.