विवाहकायदे आणि तरुणांचे सहजीवन (कोल्हापूर)

तरुण स्त्री-पुरुषांनी लग्नावाचून एकत्र राहणे हा भारतात गुन्हा नाही. तरीही कोण एकत्र राहतो आणि केव्हापासून, हे बरेचदा विवाहकायद्याच्या अटींवर ठरते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा व १९१९ साली आंतरजातीय विवाहाचा कायदा केला. ब्रिटिश मुलखात तेव्हा असे आंतरजातीय लग्न १८७२च्या कायद्याने करणाऱ्याला आपण हिंदू नाही असे लिहून द्यावे लागे.

आज दोघे हिंदू असले, तर जात कोणतीही असो, १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात आगाऊ नोटीस लागत नाही. म्हणून ‘आळंदीला जाऊन लग्न केलं’ एवढे म्हटले की कोल्हापुरात पुढचे सांगावे लागत नाही. दोन हार, सप्तपदी, फोटो, नोंदणी मागाहून. (विधी मात्र झालेच पाहिजेत. नुसत्या दाखल्याने लग्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये बजावले.)

धर्म वेगळे असले आणि कुणालाच धर्म बदलायचा नसला, की १९५४चा विशेष विवाह कायदा आला. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. मग नोटीस, हरकतींसाठी आणखी ३० दिवस, शेवटी तीन साक्षीदार. नोटिशीत नाव, वय, व्यवसाय, पत्ता. ती कार्यालयात ठळक जागी लागते आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिकडेही जाते. खरेदीखताला आलेल्या गावच्या माणसाने ती वाचली, की संध्याकाळी घरी फोन. मग मुलगी घर सोडते, लग्नाची तारीख लांब असते आणि जोडपे तेवढे दिवस मित्राच्या रूमवर काढते. लग्नासाठी केलेला कायदाच असा काहींना लग्नाआधी एकत्र राहायला लावतो.

वयाचेही तसेच. मुलीला १८, मुलाला २१ पूर्ण लागतात. मुलगा एकविसाचा नसला तरी दोन सज्ञान व्यक्ती एकत्र राहू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये केरळच्या प्रकरणात दिला. लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीला २००५च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षणही मिळू शकते. राजारामपुरीत खोली बघताना मात्र निकाल कामी येत नाही. घरमालकाचा पहिला प्रश्न ‘लग्न झालंय न्हवं?’ हाच.

घरच्यांपासून संरक्षण मागणारी रिट याचिका पूर्वी मुंबईला जाऊन करावी लागे. ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच बसते.