हैतीतील कविता आणि जॅझ

हैतीच्या कवींच्या, मुख्यतः गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या, फ्रेंच आणि क्रिओल (हैतीची लोकभाषा) कवितांना जॅझच्या वळणाची चाल लावून त्या गाण्याची किंवा वाद्यांच्या साथीने म्हणण्याची पद्धत. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सइतकीच ती न्यू यॉर्क आणि माँट्रियलमधल्या स्थलांतरित हैतियनांमध्ये वाढली.

कवितेला चाल लावणे तिथे जॅझपेक्षा जुने. ओस्वाल्ड ड्युराँच्या ‘शुकून’ (1883) या क्रिओल कवितेला मिशेल मोलेआर मोंतोंने 1893 मध्ये मेरेंग या हैतियन नृत्यसंगीताची चाल दिली. लाल दाढीचा, खिशात घड्याळ बाळगणारा, फ्रेंच बोलणारा गोरा पोरगा येतो आणि शुकून प्रियकराला सोडून जाते, असे तिचे कथानक. 1957 मध्ये हीच चाल अमेरिकेत ‘यलो बर्ड’ म्हणून गाजली; पक्षी तेवढा राहिला, शुकून गळाली. गोड चाल कविता कशी गिळते, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

अमेरिकी ताब्याच्या काळात (1915–34) जॅझ हैतीत पोहोचला. 1940 च्या दशकात ‘जॅझ दे झ्यून’ या बँडने व्होडू या हैतीतल्या धर्मपरंपरेचे ताल वाद्यवृंदात आणले, तर बँडप्रमुख इसा एल साये याने बड जॉन्सन आणि बिली टेलर या जॅझवादकांना अमेरिकेहून बोलावून घेतले. पुढे फेलिक्स मोरिसो-लरुआसारख्यांनी क्रिओलमध्ये जोमाने कविता लिहिली, आणि 1960 च्या सुमारास अँथनी फेल्प्सच्या ‘हैती लितेरेर’ गटाने मुक्तछंद रुजवला.

मुक्तछंदाला ध्रुवपद नसते. खरी अडचण तिथेच. संगीतकार एखादी ओळ उचलून ती परत परत आणतो, बाकीचा मजकूर लयीत न बांधता बोलू देतो आणि कविता जिथे श्वास घेते तिथे सॅक्सोफोन किंवा पियानोला मोकळे सोडतो. खाली बऱ्याचदा यानवालू हा व्होडूतला ताल चालू असतो. तीन-तीनच्या गटांतल्या बारा मात्रा, तीन ढोल: लहान बुला ठेका धरतो, मधला सेगों त्याच्याशी गुंफतो, मोठा मामाँ मनासारखा बोलतो. क्रिओलचा आघात शब्दाच्या शेवटी पडत असल्याने ओळ या ठेक्यावर सहज बसते. लांबलचक फ्रेंच ओळ मात्र ओढून बसवावी लागते.

जेम्स नोएलच्या (जन्म 1978) कविता वूली सें-लुई जाँ याच्या गायनातून श्रोत्यांपर्यंत गेल्या. राजधानीत 2007 पासून आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सवही भरू लागला.