फुंका, फुंका, अजून फुंका! दमा मशीनवर कसा पकडतात

दमा आहे का नाही हे छातीला स्टेथोस्कोप लावला की कळतं असं बऱ्याच जणांना वाटतं. घरघर ऐकू आली तर शंका येते हे खरं, पण दम्याचा पेशंट दुपारी दवाखान्यात जातो तेव्हा छाती अगदी साफ असू शकते आणि त्याच रात्री तीन-चार वाजता तोच माणूस उशीला टेकून खोकत बसलेला असतो. दम्याची गंमत (गंमत कसली म्हणा) हीच आहे की तो सतत बदलतो, त्यामुळे मोजायचा तर तो बदलच मोजावा लागतो.

यासाठी जी टेस्ट करतात तिला सगळे पीएफटी (फुफ्फुसं किती काम करतात ते बघायची तपासणी) म्हणतात, त्यातला मुख्य भाग म्हणजे स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात जोर लावून सोडायचा, सोडतच राहायचं, आणि शेजारी टेक्निशियन "फुंका फुंका फुंका, अजून, अजून" असा ओरडत असतो. लोकांना हसू येतं पण तो ओरडतो ते कारणाशिवाय नाही, कारण ही टेस्ट पेशंटच्या जोरावर चालते, अर्धवट फुंकलं तर रिपोर्ट चुकीचा येणार. म्हणूनच निदान तीन नीट फुंकरी लागतात आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन एकमेकींशी जवळपास जुळाव्या लागतात, मोठ्या माणसांत १५० मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही.

हे मोजायची सुरुवात जुनी आहे. लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या सर्जनने १८४६ मध्ये पाण्यात उलट्या ठेवलेल्या भांड्याचं यंत्र वापरून दोन हजारांवर लोकांच्या फुफ्फुसात हवा किती मावते ते मोजलं, आणि उंचीप्रमाणे ती वाढते हे दाखवलं. पण त्याने मोजली ती हवा किती, ती किती वेगात बाहेर येते हे नाही. आणि दम्यात तर वेगच महत्त्वाचा! पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते मोजायची कल्पना फ्रान्समध्ये तिफनो यांनी १९४७ च्या सुमारास मांडली, म्हणजे मध्ये शंभर वर्षं गेली.

वेग का, तर दम्यात श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतून सूज येते, चिकट कफ होतो आणि वाट अरुंद होते. शाळा सुटल्यावर पोरं तेवढीच पण जिना अरुंद, तसं. सगळी बाहेर येतात पण वेळ लागतो. रिपोर्टवर एफव्हीसी म्हणजे जोराने सोडलेली एकूण हवा, आणि एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदातली. समजा एकूण ३.५ लिटर आणि पहिल्या सेकंदात २.१, तर प्रमाण झालं ६० टक्के. निरोगी मोठ्या माणसात हे साधारण ७५-८० टक्क्यांच्या वर असतं, लहान मुलांत त्याहून जास्त, आणि वय वाढेल तसं कमी होत जातं.

पण प्रमाण कमी आलं म्हणून लगेच दमा म्हणायचं नाही, सिगारेट किंवा चुलीच्या धुरामुळे होणाऱ्या सीओपीडी या फुफ्फुसाच्या जुनाट आजारातही ते कमी येतं. इथे टेस्टचा दुसरा भाग येतो. सालब्युटामॉलचा, म्हणजे नळ्या उघडणाऱ्या औषधाचा पंप देतात, साधारण १५ मिनिटं थांबतात आणि परत फुंकायला लावतात. आपल्या उदाहरणात २.१ चं २.५ लिटर झालं तर ४०० मिली, म्हणजे १९ टक्के वाढ. मोठ्यांमध्ये १२ टक्के आणि २०० मिली, दोन्हीपेक्षा जास्त वाढ झाली तर दम्याच्या बाजूने चांगला पुरावा धरायची पद्धत आहे. आता काही ठिकाणी थोडा वेगळा हिशोब वापरतात पण मुद्दा तोच, नळ्या औषधाने उघडल्या का. म्हणून टेस्टच्या आधी कोणता पंप किती तास बंद ठेवायचा हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, सकाळी पंप मारून गेलात तर नळ्या आधीच उघडलेल्या असणार, मग फरक दिसणार कुठून.

आणि रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आला तर? लोक खुश होऊन "दमा नाही" असं नातेवाईकांना सांगून टाकतात. तर तसं नाही. त्या दिवशी त्या वेळेला नळ्या उघड्या होत्या एवढंच त्यावरून कळतं. अशा वेळी मला तरी पीक फ्लो मीटर फार कामाचा वाटतो, फुंकर किती वेगात बाहेर येते ते दाखवणारी प्लास्टिकची छोटी नळी, वीज लागत नाही, पीएफटीच्या मशीनपुढे किंमत काहीच नाही. दोन आठवडे सकाळी तीनदा आणि संध्याकाळी तीनदा फुंकायचं आणि प्रत्येक वेळचा सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. सकाळी ३२० आणि संध्याकाळी ४०० असं असेल तर त्या दिवसाचा चढउतार २२ टक्के झाला (फरक ८०, तो दोन्हींच्या सरासरीच्या म्हणजे ३६० च्या हिशोबात), आणि मोठ्या माणसात दोन आठवड्यांची सरासरी १० टक्क्यांच्या वर गेली तर ती जास्त धरतात. सकाळचा आकडा कमी येणं हे दम्यात नेहमीचं, नळ्या पहाटे जास्त आवळतात.

तरीही कोडं सुटलं नाही तर मोठ्या हॉस्पिटलात मेथाकोलिन टेस्ट असते, नळ्या आवळणारं औषध थोडं थोडं श्वासातून देऊन एफईव्ही-१ २० टक्के पडते का बघतात. ही मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पाच वर्षांखालच्या पोरांना यातलं बहुतेक काही जमत नाही, तिथे लक्षणं, घरातली अ‍ॅलर्जी आणि औषधाने पडणारा फरक यावरच डॉक्टरांना अंदाज बांधावा लागतो.

आणखी एक, स्टेरॉइडचा पंप रोजचा सुरू करायच्या आधी टेस्ट झालेली बरी, कारण काही आठवडे औषध घेतल्यावर नळ्या सुधारतात आणि मग मशीनवर दमा पकडणं अवघड होतं. अर्थात धाप जोरात असेल तर आधी औषध, टेस्ट नंतर.