पवई भरला, पण आपल्या नळाला त्याचा काय उपयोग?

दरवर्षी जून-जुलैत बातमी येते की मुंबईचा पवई तलाव ओव्हरफ्लो झाला, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच "चला, पाणीकपात गेली" सुरू होतं. अहो, पवईचं पाणी आपण पीतच नाही! ते जातं आरे कॉलनीला आणि कारखान्यांना, आणि वरून सांडलेलं मिठी नदीत, आणि मिठी फुगली की कुर्ल्यात पाणी शिरतं, म्हणजे ही बातमी आली की नळाकडे न बघता कुर्ल्याला कुणी नातेवाईक असेल तर त्याला फोन करावा.

तलाव बांधला होता मात्र पिण्यासाठीच. जुन्या मुंबईत विहिरी नि तळी उन्हाळ्यात आटायची, म्हणून १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी तलाव, तरी गिरण्या आणि चाळी वाढत गेल्या आणि पाणी काही पुरेना. तानसा धरणाचं काम लांबलचक, तोवर मधली सोय म्हणून १८९० च्या सुमारास पवईच्या ओढ्यावर बंधारा घातला, खर्च साडेबारा लाखांच्या आसपास, तेव्हाचे लाख हां! पण पाणी पिण्यालायक निघालं नाही, १८९२ ला तानसा आला आणि पवई बाजूला पडला.

आणि बाजूला पडला म्हणूनच तो आपल्या वाट्याला आला असं मला वाटतं. विहार-तुळशीचं पाणी पितो म्हणून तिथे असं उठून जाता येत नाही, पवईला मात्र संध्याकाळी कुणीही काठावर बसून भुट्टा खातं. गळ टाकणाऱ्यांची तर १९५५ पासून असोसिएशनच आहे इथे, तासन् तास बसतात बिचारे, रोहू-कटला लागला की दिवस साजरा. गणपतीत विसर्जनाला घाटावर पाय ठेवायला जागा नसते. पोहायचं मात्र नाव काढू नका, खऱ्याखुऱ्या मगरी आहेत. शिवाय सांडपाणी येतं आणि त्यावर जलपर्णी अशी माजते की कधीकधी पाणी आहे का मैदान तेच कळत नाही.

मध्यंतरी पालिकेने काठाने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक काढायला घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि मे २०२२ मध्ये हायकोर्टाने ते काम बेकायदा ठरवून काढून टाकायला लावलं. सायकल मलाही चालवायची होती, पण मगरी ऊन खायला येतात त्याच काठावर भराव टाकून नको.