आर्किमिडीजचा तराजू

आर्किमिडीज म्हटलं की न्हाणीतून तसाच उघडा धावत सुटलेला, ‘युरेका’ ओरडणारा माणूस आठवतो. राजाच्या सोन्याच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली का, हे पाण्यात बुडवून किती पाणी सरतं त्यावरून ओळखायचं, असं त्याला तिथे सुचलं म्हणे. गोष्ट झकास आहे, पण ती व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने सांगितलेली. आर्किमिडीज जाऊन तेव्हा जवळपास दोनशे वर्षं लोटली होती.

त्यातलं गणितही जरा तपासून पाहावं. एक किलो सोनं साधारण ५२ घन सेंटिमीटर जागा घेतं. सोनाराने ३०० ग्रॅम काढून तेवढी चांदी घातली, तर आकारमान ६५ च्या आसपास जातं. फरक १३ चा. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात त्याने पाणी अर्धा मिलिमीटरही चढत नाही! त्यापेक्षा तराजूच्या एका बाजूला मुकुट, दुसरीकडे तितक्याच वजनाचं शुद्ध सोनं टांगून दोन्ही पाण्यात सोडले, तर मुकुटाची बाजू १३ ग्रॅमने हलकी होऊन सरळ वर उचलली जाते. चोरी पकडायला एवढं पुरे. ‘तरंगणाऱ्या वस्तूंविषयी’ या आर्किमिडीजच्या ग्रंथातला नियम हेच सांगतो: पाण्यात बुडालेली वस्तू तिने सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी हलकी होते.

जन्म इ.स.पू. २८७ च्या सुमाराचा, गाव सिसिलीतलं सिराक्यूज. वडील फिडियस खगोलाचे अभ्यासक. पाणी उपसायचा स्क्रू आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. ९६ बाजूंची बहुभुजाकृती घेऊन त्याने पायची (π) किंमत ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्या मध्ये पकडली. शाळेतलं २२/७ म्हणजे त्यातलीच वरची मर्यादा. रोमन सेनापती मार्सेलसने सिराक्यूजला वेढा घातला तेव्हा आर्किमिडीजच्या यंत्रांनी रोमनांना बराच काळ तटाबाहेर रोखलं. (आरशांनी जहाजं जाळल्याचं पॉलिबियस, लिव्ही, प्लुटार्क या जुन्या लेखकांपैकी कुणीच लिहीत नाही.) इ.स.पू. २१२ मध्ये शहर पडलं आणि एका सैनिकाने त्याला मारलं.

त्याला स्वतःला अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. दंडगोलात नेमका बसणारा गोल आकारमानाने त्या दंडगोलाच्या दोन तृतीयांश असतो, हा त्याचा शोध. थडग्यावर हीच आकृती होती. इ.स.पू. ७५ मध्ये सिसिलीत अधिकारी म्हणून आलेल्या सिसेरो या रोमन वक्त्याने काटेरी झुडपांत दडलेलं ते थडगं याच आकृतीवरून ओळखलं.

पण हे त्याला सुचलं कसं? उत्तर कित्येक शतकं एका प्रार्थनापुस्तकाखाली झाकलेलं होतं. त्याच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली हस्तलिखित प्रत तेराव्या शतकात खरवडून त्या चर्मपत्रांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी इस्तंबूलमध्ये खालची पुसट अक्षरं वाचली. त्यात एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाला उद्देशून लिहिलेला ‘पद्धत’ हा ग्रंथ निघाला. गोलाच्या आणि शंकूच्या पातळ चकत्या काल्पनिक तरफेच्या एका टोकाला टांगायच्या, दुसऱ्या बाजूच्या दंडगोलाच्या चकत्यांशी तोलायच्या. उत्तर आधी असं तोलून काढायचं, काटेकोर सिद्धता मागाहून.